अंगठा चावला, पण तुम्हाला बघून नाही!

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतात. यंदाच्या स्नेहसंमेलनात त्यांची मुलं शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा पहिला प्रवेश मराठीत करणार आहेत. त्यात एका घराण्याचा नोकर दुसऱ्या घराण्याच्या नोकरांसमोर अंगठा चावतो आणि बघता बघता भर रस्त्यात तलवारी निघतात. तालमीत मुलं विचारतात, “मॅडम, अंगठा चावण्यात एवढं काय?” एकाने सुचवलं, सरळ मधलं बोट दाखवू, पब्लिकला लगेच कळेल. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, पालक आणि संस्थाचालक समोर बसलेले असताना असले हातवारे नकोतच, तेवढं गाळा. शिवाय मुलांनी इंटरनेटवरून ‘शेक्सपिअरच्या शिव्यां’ची यादी काढली आहे आणि ती वर्गात एकमेकांवर झाडणं जोरात चालू आहे. बाईंचा प्रश्न: या हावभावाचा नेमका अर्थ काय, तो अश्लील आहे का, आणि तो ठेवू, बदलू की गाळू?

उत्तर:

अर्थ आधी सांगून टाकते, कारण तो भाग सोपा आहे. रँडल कॉटग्रेव्ह नावाच्या गृहस्थांनी १६११ साली फ्रेंच-इंग्रजी कोश काढला. त्यात एका फ्रेंच वाक्प्रचाराखाली ही कृती जवळजवळ पाककृतीसारखी लिहून ठेवली आहे: अंगठ्याचं नख तोंडात घालायचं, वरच्या दातांमागे अडकवायचं आणि झटका देऊन ‘टक्’ असा आवाज काढत बाहेर सोडायचं. अर्थ दिलाय धमकावणं, आव्हान देणं. म्हणजे तुमची मुलं नख कुरतडल्यासारखा अंगठा चावत असतील, तर “एवढं काय?” हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. ते जे करताहेत त्यात खरोखरच काही नाही.

लंडनच्या प्रेक्षकाला मात्र हे समजावून सांगायची गरज नव्हती. सेंट पॉल्स कॅथीड्रलचा मधला भाग त्या काळी देवळापेक्षा बाजार जास्त होता. लोक तिथे फिरायला, गप्पा छाटायला, सौदे करायला जमायचे. नाटककार टॉमस डेकरने १६०८ साली तिथल्या गर्दीचं वर्णन करताना धक्काबुक्की आणि टिंगलटवाळीच्या जोडीला ‘भांडण उकरून काढण्यासाठी अंगठे चावणं’ही नोंदवलंय. आणि नाटक लिहिलं गेलं साधारण १५९५च्या सुमारास. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनमध्ये शिकाऊ कारागिरांच्या दंगली झाल्या होत्या आणि पुढच्या महिन्यात काहींना फाशी दिलं गेलं. रस्त्यावर रिकामटेकडी पोरं एकमेकांना डिवचताहेत, हे दृश्य त्या प्रेक्षकाला ऐतिहासिक वगैरे वाटणारं नव्हतं.

अश्लील म्हणावा असा हावभाव दुसरा होता. मूठ वळायची आणि तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीतून अंगठ्याचं टोक बाहेर काढायचं. याला अंजिराचं नाव होतं, आणि तो काय सुचवतो ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला कळलंच असेल. हा मूळचा भूमध्य समुद्राकडचा. इटालियन कवी दान्तेच्या नरकात एक चोर दोन्ही हातांनी हीच खूण थेट देवाला दाखवतो. शेक्सपिअरचा बढाईखोर पिस्टल हा या अंजिराचा मोठा भक्त. ‘पाचवा हेन्री’मध्ये तो समोरच्याच्या दोस्तीवर अंजीर फेकतो आणि वर ‘स्पेनचं अंजीर’ अशी पुस्ती जोडतो. ‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागात त्याचं एक वाक्य आहे: पिस्टल खोटं बोलला तर “हे असं करा”. हे असं म्हणजे कसं? छापील पानावर काही नाही. नटाच्या हातात होतं, ते हवेत विरलं. पुढच्याच शब्दांत तो अंजिराचं आणि स्पॅनिश माणसाचं नाव घेतो, म्हणून आपल्याला कळतं तरी. त्या काळच्या नाटकांतले किती हातवारे असे निसटून गेले असतील, कोण जाणे.

तर अंगठा चावणं हे अंजिराइतकं घाण नाही. काही लेखक दोन्हींची सरमिसळ करतात. टॉमस लॉजच्या १५९६च्या पुस्तकात ‘तिरस्कार’ हे पात्र तोंडात अंगठा घालूनच अंजीर दाखवत येतं. पण तुमच्या सहकाऱ्यांना सांगायला कॉटग्रेव्हचा ‘आव्हान’ हा अर्थ पुरेसा आहे.

आता तुम्ही न विचारलेला, पण मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. तुमच्या तिन्ही प्रश्नांत एक गोष्ट गृहीत धरली आहे: अपमान त्या अंगठ्यात आहे, म्हणून अंगठ्याचं काय करायचं ते ठरलं की प्रश्न सुटला. प्रवेश पुन्हा वाचा, सावकाश. कॅप्युलेट घराण्याचे नोकर सॅम्सन आणि ग्रेगरी रस्त्याने येतात. माँटेग्यूंची माणसं दिसल्यावर सॅम्सन म्हणतो, मी त्यांच्याकडे बघून अंगठा चावतो, त्यांनी गिळलं तर त्यांची नाचक्की. (म्हणजे हावभावाचा अर्थ शेक्सपिअरने आपणहून पात्राच्या तोंडी घातलाय. निवेदकाला पुढे पाठवून “त्या काळी असं करणं अपमानास्पद समजत” असं सांगायची काही गरज नाही. कृपा करून ते करू नका, प्रवेशाचा दम निघून जातो.) मग माँटेग्यूंचा नोकर अब्राहम विचारतो:

“आम्हाला बघून अंगठा चावलात का, साहेब?”
“अंगठा चावतोय खरा, साहेब.”
“आम्हाला बघून चावलात का, साहेब?”

इथे सॅम्सन हळूच ग्रेगरीकडे वळतो. काय विचारतो? “हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने आहे का?” ग्रेगरी म्हणतो, नाही. लगेच सॅम्सन सरळ होतो: “नाही साहेब, तुम्हाला बघून नाही चावत. पण चावतोय, साहेब.”

सगळा प्रवेश या एका कोलांटीत आहे. दोन फुशारक्या मारणारी माणसं, ज्यांना भांडण हवंय पण सुरुवात आपण केली असं व्हायला नकोय. अंगठा त्यांना सोयीचा पडतो, कारण तो नाकबूल करता येतो. माणूस आपला अंगठा चावू शकतो, खाज सुटली असेल, दातात काही अडकलं असेल. तुमच्या मुलांना हे समजायला एलिझाबेथन इंग्लंड माहीत असण्याची गरज नाही. कुणाचंही नाव न घेता ग्रुपवर टाकलेलं स्टेटस, आणि विचारल्यावर “तुला का लागलं? मी जनरल टाकलं होतं,” हे त्यांना चांगलंच पाठ आहे.

म्हणून मधलं बोट नको. त्या मुलाला “तेव्हा असलं नव्हतं” असं सांगू नका, ते खरं नाही. मधलं बोट चांगलं जुनं आहे, रोमन लोक त्याला ‘निर्लज्ज बोट’च म्हणत. त्याला खरं कारण सांगा: मधलं बोट दाखवलं की दाखवलं. “तुम्हाला बघून नाही हो, नुसतं बोट वर केलं होतं,” यावर कोण विश्वास ठेवेल? त्या क्षणी सॅम्सनची पळवाट बंद होते आणि पुढचे सगळे संवाद खोटे पडतात. प्रेक्षक हसतील जरूर, पण हशा बोटावर येईल आणि तिथेच संपेल. (आणि कुणी दोन बोटांची ‘व्ही’ची शिवी सुचवून ती १४१५च्या अ‍ॅझिनकोर्टच्या लढाईतल्या इंग्रज धनुर्धाऱ्यांपासून आली अशी गोष्ट सांगितली, तर ती गोष्ट रंजक म्हणून ऐका आणि सोडून द्या. तिला त्या काळचा पुरावा नाही.)

तलवारी निघतात त्या अंगठ्यावरून निघतच नाहीत. पुढे दोघं आपापल्या मालकांवरून हमरीतुमरीवर येतात. मालकाचा भाचा येताना दिसल्यावर सॅम्सनला बळ चढतं आणि तो “आमचा मालक वरचढ” म्हणून टाकतो. त्यावर अब्राहम दोन शब्द बोलतो: खोटं बोलतोस. बस्स. पुढचं वाक्य “मर्द असाल तर उपसा”. समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणं ही त्या समाजात शेवटची पायरी होती. व्हिन्सेन्शिओ साविओलो या इटालियन तलवारबाजाचं इंग्रजीतलं पुस्तक १५९५ सालीच आलं, आणि कुणी कुणाला कोणत्या शब्दांत खोटं ठरवलं तर आव्हान कुणी द्यायचं, याची त्यात गंभीरपणे चिकित्सा आहे. शेक्सपिअरने पुढे ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये याची यथेच्छ टर उडवली. तिथला विदूषक भांडणाच्या सात पायऱ्या मोजून दाखवतो, सौम्य प्रत्युत्तरापासून थेट ‘खोटं’पर्यंत, आणि म्हणतो की ‘जर’ हा शब्द मध्ये घातला की कसलंही भांडण मिटतं. तुमच्या तालमीतला निम्मा वेळ त्या ‘खोटं बोलतोस’ला द्या. आज आपल्याला ते साधं वाटतं, त्यामुळे मुलं ते घाईत उरकतील.

मराठीचा इथे एक फायदा आहे, तो सोडू नका. मूळ संवादात जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ‘सर’ आहे, भांडण करायला आलेली माणसं लग्नातल्या व्याह्यांसारखी आदराने बोलताहेत. तेव्हा ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ शेवटपर्यंत ताणा, आणि ‘खोटं बोलतोस’ला अब्राहमला पहिल्यांदा अरे-तुरेवर येऊ द्या. इंग्रजांना हे परकं नव्हतं. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात त्याला मुद्दाम एकेरीवर आणलं आणि आपण तसं करतोय हे बोलूनही दाखवलं.

आता तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे वळू. त्यांची काळजी मी उडवून लावणार नाही. गावात कार्यक्रम असतो, दुसऱ्या दिवशी बोलणी तुम्हाला खायला लागतात, त्यांना नाही आणि मला तर नाहीच. पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलंय. त्या प्रवेशात आक्षेप घ्यावा असं काही असेल तर ते अंगठ्याच्या आधी आहे. माँटेग्यूंच्या पुरुषांना भिंतीपासून दूर ढकलीन आणि त्यांच्या पोरींना भिंतीशी रेटीन, असं सॅम्सन म्हणतो, आणि मग दोघं त्यावरून द्व्यर्थी विनोद करत राहतात. मुलींवर जबरदस्ती करण्याची ही बढाई आहे, शब्दांचे खेळ कितीही चतुर असोत. वर्गात सोळा-सतरा वर्षांच्या मुली बसल्या आहेत, काही त्याच नाटकात आहेत. अंगठ्याने कुणाचं काही जाणार नाही, या ओळी मात्र कुणाला तरी लागतील.

माझं मत विचाराल तर रंगमंचावरून त्या गाळा. स्नेहसंमेलनाच्या गोंगाटात पहिल्या रांगेतून शिट्टी आली की विनोदाचा अर्थ सॅम्सनच्या बाजूने लागतो, त्याच्याविरुद्ध नाही. पण वर्गात वाचा, आणि मुलींना आधी सांगून वाचा. कारण त्यातून सॅम्सनचं पूर्ण चित्र दिसतं: बायकांबद्दल असं बोलणारा हा वीर थोड्याच वेळात “कायदा आपल्या बाजूने आहे ना?” असं मित्राला कुजबुजत विचारतो. सुरुवातीचे कोळशावरचे श्लेषही बेधडक उडवा. मराठीत त्यांचं काही होत नाही, आणि इंग्रजीतही आता तळटीप वाचूनच हसावं लागतं.

“अभिजात साहित्यात असलं कसं?” असं कुणी विचारलंच, तर हे सांगता येईल. शेक्सपिअरच्या काळी नाटकांवर सरकारी नजर होतीच, प्रयोगाआधी संहिता दरबारातल्या अधिकाऱ्याकडून पास करून घ्यावी लागे. १६०६ साली कायदाही झाला. पण तो कशाविरुद्ध? रंगमंचावर देवाचं नाव थट्टेत किंवा उथळपणे घेतलं तर दहा पौंड दंड! अंजीर, अंगठे, बायकांवरचे विनोद यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. परिणाम डोळ्यांनी बघता येतो. ‘ऑथेल्लो’च्या १६२२च्या छापील प्रतीत खलनायक इयागो ख्रिस्ताच्या रक्ताच्या आणि जखमांच्या शपथा घेतो, पुढच्याच वर्षीच्या संग्रहात त्या गायब. पुढे १८०७ साली बाउडलर घराण्याने ‘कुटुंबासाठी शेक्सपिअर’ काढला, तेव्हा कात्री बिछान्याशी संबंधित मजकुरावरही फिरली. असभ्य काय ते प्रत्येक पिढी नव्याने ठरवते. तुम्ही आणि तुमचे सहकारी तेच करत आहात, तेव्हा निदान एकत्र बसून, संहिता समोर ठेवून ठरवा. त्यांना तालमीला बोलवा. ऐकीव हातवारे प्रत्यक्षापेक्षा नेहमी भयंकर वाटतात.

आणि आपल्याकडेही शिवीला मांडव घालून देण्याची रीत आहेच की. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. ‘बोरीचा बार’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. तिथे शिवी उघड आहे, नेम उघड आहे, आणि दुसऱ्या दिवशी वैर नाही, कारण खेळ कोणता ते दोन्ही काठांना ठाऊक आहे. मुलांना हे उदाहरण द्या आणि विचारा, नाटकातल्या व्हेरोना शहराच्या रस्त्यावर नेमकं काय कमी होतं?

आता ती शिव्यांची यादी. मुलं शेक्सपिअर उत्साहाने पाठ करताहेत यावर आधी मनातल्या मनात खूश होऊन घ्या. मग यादीतली एक शिवी उचला आणि ती कुणी कुणाला दिली ते शोधायला लावा. ‘किंग लिअर’च्या दुसऱ्या अंकात सरदार केंट हा ऑसवल्ड नावाच्या चाकराला दम लागेपर्यंत शिव्या देतो, त्या घ्या. उष्टं खाणारा. वर्षाला तीन जोड कपडे मिळणारा. रेशमाऐवजी लोकरीचे पायमोजे घालणारा. अंगावर आलं की लढायचं सोडून कोर्टात धावणारा. एक-दोन आईवरून आहेत, पण बाकी बहुतेक चाकरीवरून आणि दर्जावरून आहेत. आधीच्या अंकात तर तो त्याला ‘फुटबॉल खेळणारा’ म्हणतो, कारण तो तेव्हा खालच्या लोकांचा खेळ समजला जाई. हे मुलांना फार आवडेल.

पण नेमका इथेच धोका आहे. ‘हलक्या कुळाचा’ अशा अर्थाचं काही मराठीत आणायला गेलं की आपल्या जिभेवर आपसूक जातीचं नाव येतं. आपल्या कितीतरी रोजच्या शिव्या जातिवाचक आहेत आणि बोलणाऱ्याला त्याची जाणीवही नसते. तालमीत मुलं उत्स्फूर्तपणे भर घालतात, तिथे कान उघडे ठेवा. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरापर्यंत ती शिवी पोचलेली असते, आणि १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे तो काही उगाच नाही. पर्याय भरपूर आहेत: लाळघोट्या, उष्टखाऊ, आयतोबा, चोंबड्या, भित्री भागूबाई. ऑसवल्डला ‘लाळघोट्या’ इतका फिट बसतो की केंटनेही वापरला असता. वर्गातल्या झाडाझडतीला एकच नियम लावा: शिवी द्यायची तर कुठल्या नाटकातली, कुणी कुणाला आणि का दिली, ते आधी सांगायचं. निम्मा उत्साह तिथेच मावळेल, उरलेला अभ्यासाला लागेल.

रंगमंचावर करायचं कसं, ते थोडक्यात. कोपर खांद्याच्या उंचीवर आणा, नाहीतर मागच्या रांगेला वाटेल पोरगा अंगठा चोखतोय. नख वरच्या दातांमागे, झटका पुढे, हात सरळ होईपर्यंत. ‘टक्’ तोंडाचा ऐकू जाणार नाही, तो ढोलकीवाल्याकडून घ्या. नुसता अंगठा पुढे राहू देऊ नका, आपल्या प्रेक्षकाला तो ठेंगा वाटेल, आणि ठेंगा म्हणजे ‘काही मिळणार नाही’, त्यात आव्हान नाही. झटक्यानंतर अब्राहमने लगेच बोलू नये. त्याने आधी आपल्या सोबत्याकडे बघावं. “हे आपल्यालाच होतं का?” हा प्रश्न त्या नजरेत दिसला की पालकांनाही कोश लागणार नाही.

तलवारी लाकडी असल्या तरी मारामारी मोजून, आकड्यांवर बसवा, आणि प्रयोगाच्या दिवशी कुणालाही नवीन काही सुचू देऊ नका. वेळ कमी असेल तर माँटेग्यूंचा पुतण्या बेन्व्होलिओ मध्ये पडून “मूर्खांनो, बाजूला व्हा, काय करताय ते तुम्हाला कळत नाहीये” म्हणतो तिथे थांबलात तरी चालेल. पाच-सात मिनिटं जास्त मिळाली तर मात्र राजापर्यंत न्या. तो येऊन म्हणतो, या शहरात तीन दंगली झाल्या, त्या एका हवेतल्या शब्दावरून. हे काम एखाद्या मुलीला द्या, खणखणीत आवाजाच्या.